पाटावरून उठायचं होतं

आमच्याकडे महालक्ष्म्या असतात, सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेल्या, आणि जेवणाच्या दिवशी साठ-सत्तर पानं सहज होतात. 2023 साली जेवण 22 सप्टेंबरला आलं होतं, शुक्रवार होता. सोळा भाज्या, पुरण, कढी, वडे, आंबील सगळं नीट पार पडलं, पंगती उठल्या आणि रात्री साडेदहाला आम्ही घरच्या बाया शेवटच्या पंगतीला बसलो. बसले कशी ते मलाच माहीत, भिंतीला हात लावून, एक पाय आधी लांब करून. पण जेवण झाल्यावर उठताच येईना. उजवा गुडघा वाकलेला तो तसाच अडकला, मांड्यांमधून जोरच लागेना, हात टेकवावा तर समोर उष्टं ताट. शेवटी यांनी आणि पुतण्याने दोन्हीकडून काखेत हात घालून मला उभं केलं. सासूबाई माझ्याच शेजारी बसल्या होत्या, 76 वर्षांच्या, त्या तोवर हात धुवून परत आल्या होत्या. मी तेव्हा 48 ची.

त्याच रात्री पाऊस सुरू झाला. नागपूरकरांना 23 सप्टेंबरची ती पहाट वेगळी सांगायला नको. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. आम्ही त्रिमूर्ती नगरकडे राहतो, आमच्या गल्लीत काही झालं नाही, पण माझी नणंद डागा लेआऊटमध्ये ग्राउंड फ्लोअरला राहते, पहाटे तिचा फोन आला की वहिनी दिवाण पाण्यात बुडला, फ्रिज आडवा होऊन तरंगून राहिला. घरी महालक्ष्म्यांचं विसर्जन बाकी होतं तरी सासूबाई म्हणाल्या आधी तिच्याकडे जा, देवी समजून घेते. दुपारी पाणी उतरल्यावर गेलो तर घरभर घोट्याच्या वर चिखल, काळा, घाण वासाचा, आणि सगळे जण उकिडवे बसून पत्र्याच्या तुकड्यांनी, जुन्या ताटल्यांनी तो दाराकडे ओढून राहिले होते. मला खाली बसता येत नव्हतं. वाकून दहा मिनिटं खराटा मारला तर कंबर धरली. मग कोणीतरी शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणून मला त्यावर बसवलं आणि धुवायला वाट्या-चमचे हातात दिले. नणंदेचा सगळा संसार चिखलात पडलेला, तिची सोळा वर्षांची मुलगी गुडघ्यावर बसून घासतेय, आणि मी खुर्चीवर. ते चित्र अजूनही डोळ्यासमोरून हलत नाही.

तसं वजन कमी करायचं मी दहा वर्षांपासून ठरवत होते. उंची 5 फूट 2 इंच आणि वजन 79 किलो. दर 1 जानेवारीला, दर गुढीपाडव्याला, कोणाच्या लग्नाचे फोटो पाहिले की, रिपोर्टमध्ये काही वरखाली आलं की पुन्हा सुरुवात व्हायची. आठ दिवस उत्साह, पंधरा दिवस ओढाताण, मग घरात पाहुणे किंवा ऑफिसचं मार्च एंडिंग, आणि संपलं. यूट्यूबवर मोटिवेशनचे व्हिडिओ ऐकायचे, लोकांचे आधीचे-नंतरचे फोटो पाहायचे, रात्री अकराला एकदम वाटायचं की उद्यापासून आपण बदलणार, आणि सकाळी अलार्म बंद करणारा हातही माझाच असायचा. पुराच्या नंतरही पहिली गोष्ट तीच केली, घराजवळच्या एका जिममध्ये तीन महिन्यांचे पैसे भरले. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम तीन महिन्यांत 15 किलो गॅरंटीने, आणि पहिल्याच आठवड्यात उड्या मारायला लावल्या. अकराव्या दिवशी गुडघा सुजला. पैसे परत मिळाले नाहीत ते जाऊ द्या, मला जास्त वाईट याचं वाटलं की आता मी स्वतःला सांगू शकत होते, बघ, तुझ्याच्याने होतच नाही.

गुडघ्यासाठी फॅमिली डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी शुगर, एचबीए1सी, 6.2 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर आणि 6.5 पासून डायबिटीस. टेपने कंबर मोजली, 102 सेंटीमीटर, आणि आपल्याकडच्या बायांसाठी मर्यादा 80 ची धरतात. उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, बीएमआय, 32 निघाला, भारतीय शरीराला 25 च्या वर लठ्ठपणा मानतात कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते आणि शुगर लवकर मागे लागते. हे सगळं ऐकून मी रडायच्या बेतात आले, तर डॉक्टर म्हणाले, ताई, 79 चे 60 करायचं आज डोक्यातून काढा, 4 किलो कमी करा, म्हणजे पाच टक्के, तेवढ्यानेही शुगरमध्ये फरक दिसतो, आणि एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने हलका होतो. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला नेमकं काय करता येत नाही ज्याचं वाईट वाटतं? इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मला पंगतीत पाटावर बसून आपलं आपण उठायचं आहे.

त्यांनी फिजिओ मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी हात छातीवर धरायला लावून 30 सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजलं. नऊ वेळा. मग सांगितलं की हीच टेस्ट म्हाताऱ्या माणसांसाठी वापरतात आणि साठी ओलांडलेल्या बाईलाही 12 च्या खाली आलं तर कमी धरतात. मी गप्पच झाले. त्यांनी समजावून सांगितलं की तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, पाळी जायच्या वयात बायांचे आणखी झपाट्याने, वजनकाट्याला हे दिसत नाही कारण स्नायू जातो तिथे चरबी येते आणि आकडा तोच राहतो. माझा गुडघा बिघडला होता असं नव्हतंच, मांड्या कमजोर आणि घोटे आखडलेले, त्यामुळे उठताना सगळं ओझं गुडघ्यावर यायचं. घरी ओट्याशी उभं राहून स्वयंपाक, डायनिंग टेबलवर जेवण, ऑफिसात खुर्ची, संडास कमोडचा, पूजासुद्धा स्टूलवर बसून. दिवसभरात मी जमिनीकडे जातच नव्हते.

हे सासूबाईंना सांगितलं तर त्या विळीवर मेथी चिरून राहिल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आमी चुलीपाशी दिसातून शंभरदा उठत-बसत होतो व बाई. तुले कुठं खाली बसाचं काम पडते?" बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या.

मॅडमनी जो व्यायाम दिला तो इतका साधा की पहिल्यांदा विश्वास बसला नाही. घरातली बसायची प्रत्येक वस्तू मोजायची आणि सगळ्यात उंच जागेवरून उठायला सुरुवात करायची, हात न लावता. मी टेप घेऊन घरभर फिरले. आमचा पलंग 21 इंच, डायनिंगची खुर्ची 18, मुलीचं जुनं अभ्यासाचं स्टूल 14, न्हाणीतलं स्टूल 10, देवघरातला चौरंग 8, आणि शेवटी पाट, दीड इंच. उठताना पाय मागे घ्यायचे, टाचा जमिनीला घट्ट, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत पुढे झुकायचं, श्वास सोडत उठायचं. बसताना मात्र धपकन बसायचं नाही, तीन आकडे मोजत सावकाश उतरायचं, खरं काम त्या उतरण्यातच होतं असं त्या म्हणायच्या. दहा-दहाचे तीन सेट, एक दिवसाआड. त्या उंचीवर सहज जमायला लागलं की खालची वस्तू. घोट्यांसाठी भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. बस.

तो पाट मी देवघरातून काढून हॉलमध्ये भिंतीला उभा करून ठेवला. सागवानी आहे, चार कोपऱ्यांना पितळेची फुलं, त्यातलं एक कधीचं निघून गेलंय आणि तिथे लाकडात गोल खड्डा आहे, आणि मधला भाग इतकी वर्षं लोक बसून बसून खोलगट आणि गुळगुळीत झालाय. सासूबाईंच्या लग्नात आलेला. कामावरून दमून आले की तो दिसायचा. वजनकाटा मात्र पलंगाखाली ढकलला आणि महिन्यातून एकदाच काढायचं ठरवलं. कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत पेन्सिलने फक्त इंच लिहायचे. 21, 21, 21, 18.

मला यातलं सगळ्यात जास्त काय सांगावंसं वाटतं तर हे, की मी इतकी वर्षं मोटिवेशन शोधून राहिले होते ते किलोंमध्ये. किलो हातात धरता येत नाही. 79 चे 78.4 झाले तर माझ्या आयुष्यात काय बदललं? काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी मीठ जास्त झालं की पुन्हा 79. भीतीनेही फार दिवस ढकललं नाही, 6.2 चा रिपोर्ट कपाटात गेला की आठवडाभरात भीतीही कपाटात. पण 18 इंचांच्या खुर्चीवरून काल सात वेळाच उठता आलं आणि आज दहा वेळा, हे अंगाला कळतं. मांडीला कळतं. दिवाळीच्या आधी मी ओट्याखालचा तेलाचा डबा उकिडवी बसून काढला आणि तशीच उठले, आणि डबा हातात घेऊन दोन मिनिटं नुसती उभी होते.

चालणं हळूहळू जोडलं. मुलगी पुण्याहून सांगायची की आई रोज दहा हजार पावलं कर, मग डॉक्टर म्हणाले त्या दहा हजारांचं एवढं दडपण घेऊ नका, तो आकडा जपानमध्ये 1965 ला पावलं मोजायचं यंत्र आलं त्याच्या नावातून आलाय, तुम्ही आठवड्याला 150 मिनिटं जरा दम लागेल असं चाला आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा, जागतिक आरोग्य संघटनाही तेवढंच सांगते. सकाळी उठून फिरायला जाणं मला डबे आणि पाण्याच्या वेळेमुळे कधीच जमलं नाही, म्हणून मी ते ऑफिसच्या रस्त्यात घातलं. आधी ऑटोने सरळ सिव्हिल लाइन्सला जायची, आता घरून सुभाष नगरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत पायी, बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, गाडी बदलायची आणि झिरो माइलला उतरून पुन्हा पायी, लिफ्ट आणि सरकता जिना दोन्ही सोडून. पहिल्या दिवशी सुभाष नगरच्या जिन्यात तीनदा थांबले होते, कठड्याला धरून, शाळेची पोरं बाजूने धावत वर जात होती. डिसेंबरच्या शेवटी एकदाही न थांबता वर गेले आणि वरून जो गार वारा आला तो अजून आठवतो.

खाण्याचं म्हणाल तर मी कोणतंही नाव असलेलं डाएट केलं नाही. आमचे भाऊजी दोन वेळा जेवणारं दीक्षित डाएट करतात आणि त्यांना छान लागू पडलंय, मला ऑफिसच्या वेळांमध्ये ते बसलं नाही. मी एक आठवडा काय खाते ते नुसतं लिहिलं. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, जवळपास 45 ग्रॅम साखर मी नुसती पिऊन राहिले होते. दुसरं निघालं ते उपवासांचं. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून महिन्यात सात-आठ उपवास, आणि त्या दिवशी सकाळी साबुदाण्याची उसळ, संध्याकाळी पुन्हा उसळ नाहीतर बटाट्याचे पापड, मध्ये केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. साध्या दिवशीपेक्षा उपवासालाच जास्त पोटात जायचं. उपवास सोडले नाहीत, माझी श्रद्धा आहे, पण आता भगर, दही, काकडी आणि एखादं फळ एवढ्यावर करते. चहा दोन, एक-एक चमचा साखरेचे. रोज दोन्ही वेळा ताटात काहीतरी प्रोटीनचं, वरण पातळ न करता घट्ट, मटकी-मुगाची उसळ, ताक, आणि सकाळी दोन अंडी, सासूबाईंच्या भांड्यांना हात न लावता गॅलरीतल्या छोट्या शेगडीवर. अंडं आमच्या घरात येणं हाच एक मोठा विषय होता, पण त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "औषध म्हणून खाऊन राहिली न, मंग खा." तर्री पोहा मी सोडलेला नाही. शनिवारी सकाळी एक प्लेट, चण्याची झणझणीत तर्री घालून, वर शेव नको म्हणून सांगते. नागपुरात राहून ते सोडायचं म्हटलं असतं तर मी महिनाभरात सगळंच सोडलं असतं.

जानेवारीच्या शेवटी मी 10 इंचांच्या स्टूलवर होते आणि वजन 74 वर. मग फेब्रुवारीत भाचीचं लग्न निघालं. खरेदी, पाहुणे, जागरणं, एकोणीस दिवस मी एकदाही व्यायाम केला नाही आणि विसाव्या दिवशी तोच जुना आवाज सुरू झाला की झालं तुझं. आधी इथेच मी सुटायची. यावेळी फरक एवढाच झाला की हॉल झाडताना पाट हातात आला, पुसला, आणि सहज स्टूल ओढून उठून पाहिलं. 10 वरून जमलं नाही, 14 वरून जमलं. म्हणजे एकोणीस दिवसांत मी चार इंच मागे गेले होते, सगळीच नाही. कालनिर्णयवर 14 लिहिलं आणि दोन आठवड्यांत परत 10 वर आले. हा अनुभव मला फार मोलाचा वाटतो, कारण खंड पडणारच आहे, आपल्या घरांमध्ये वर्षभर काही ना काही असतंच, आणि खंड पडल्यावर नेमकं कुठून उचलायचं हे माहीत असलं की लाज वाटत बसायला वेळ जात नाही.

उन्हाळा सगळ्यात कठीण गेला. आमचा मे म्हणजे 45 डिग्री काही नवल नाही, त्या वर्षी तर एका ठिकाणच्या यंत्राने 56 दाखवलं आणि सगळीकडे व्हॉट्सॲपवर फिरलं, नंतर ते यंत्रच चुकलं होतं असा खुलासा आला, पण 44-45 खरंच होतं. संध्याकाळी सातलाही रस्ता तव्यासारखा. मेट्रोपर्यंतचं चालणं बंद केलं, चक्कर येऊन पडण्यात शहाणपण नाही, आणि कूलरसमोर घरातच चौरंगावर उठबस चालू ठेवली. वजन एप्रिलपासून जूनपर्यंत 73 वर अडून बसलं, अर्धा किलोही हलेना. मी काट्याकडे पाहत असते तर तिथेच सुटलं असतं. पण त्याच दिवसांत मी 8 इंचांवर आले होते, आणि मॅडमनी आता जमिनीवरून उठायची पद्धत शिकवायला घेतली. आधी कुशीवर वळून हात आणि गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे टाकायचं, पुढच्या मांडीवर दोन्ही हात ठेवून उठायचं. मग एकच हात. मग हात नाहीच. शेवटी मांडी घातलेल्या स्थितीतून पुढे झुकून गुडघ्यावर यायचं आणि उठायचं. हे मला सगळ्यात जास्त वेळ लागलं, सात आठवडे. पडायची भीती वाटायची म्हणून हे बाजूला उशी घेऊन उभे राहायचे, काही न बोलता, ऑफिसातून आल्यावर चहासुद्धा न घेता.

22 जुलैला, श्रावण लागायच्या दोन आठवडे आधी, पाऊस पडत होता आणि घरात मी एकटीच होते. पाट खाली ठेवला, बसले, मांडी घातली, आणि उठले. हात कुठेच लावला नाही. मग पुन्हा बसले आणि पुन्हा उठले, चार वेळा, पाचव्यांदा मांड्या थरथरायला लागल्या तेव्हा थांबले. पाटावरच्या त्या खड्ड्यात, जिथलं फूल निघालंय, मी हळदीकुंकू वाहिलं.

2024 ला महालक्ष्म्यांचं जेवण 11 सप्टेंबरला होतं. त्याच्या आठ दिवस आधी डॉक्टरांनी सगळं पुन्हा मोजलं. वजन 70.5, कंबर 92, एचबीए1सी 5.8, 30 सेकंदांत 16 वेळा. कंबर अजून 80 च्या बरीच वर आहे आणि शुगरही पूर्ण नॉर्मलमध्ये आलेली नाही, म्हणजे काम बाकी आहे, पण डॉक्टरांनी रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनने चांदणी काढली आणि मी तो रिपोर्ट यावेळी कपाटात न ठेवता देवापुढे ठेवला.

त्या दिवशी मुखवटे सजवण्यापासून मी सगळीकडे होते. पिलवंडं, म्हणजे महालक्ष्म्यांची बाळं, मांडायला खाली बसले, रांगोळी बसून काढली, तीन पंगतींना वाकून आंबील वाढली. रात्री शेवटच्या पंगतीला तोच पाट मी घेतला. जेवण झालं, सासूबाई उठल्या आणि त्यांच्या मागोमाग मी उठले, स्वतःचं ताट हातात घेऊन. कोणाचंच लक्ष नव्हतं, सगळे आपापल्या बोलण्यात. स्वयंपाकघरात ताट ठेवलं आणि मला हुंदकाच आला, नळ सोडून तोंड धुतलं.

मागून नणंद आली. तिने पाहिलं होतं. म्हणाली, "वहिनी, माझंही गुडघ्याचं सुरू झालंय, कोणाला बोलले नाही. तुम्ही जिमला जाता का?" मी म्हटलं, अगं नाही, तू आधी मला सांग तुझ्या घरातला पलंग किती उंच आहे. ती म्हणाली पुरात जुना दिवाण गेला ना, आता पाण्याच्या भीतीने मुद्दाम उंच पायाचा घेतलाय, 22-23 इंच तरी असेल.

"छान," मी म्हटलं, "उद्या सकाळी टेप लाव आणि कालनिर्णयवर पहिला आकडा लिही. रविवारी मी येते."